किनाऱ्याची रेषा

भोपाळच्या तुलसीनगरात राहणाऱ्या मनुष्यास समुद्र पाहावयाचा असेल, तर शेकडो मैलांचा प्रवास करावा लागतो. मध्यप्रदेशाच्या कोणत्याही सीमेस समुद्राचे पाणी लागत नाही. तथापि किनारा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हा प्रश्न तेथील रहिवाशांस अपरिचित नाही. राजा भोजाच्या नावाशी जोडलेला मोठा तलाव, ज्याला सारे शहर ‘बडा तालाब’ म्हणते, तो तेथून फार दूर नाही. पाऊसकाळ चांगला झाला, की हा तलाव काठोकाठ भरतो आणि भदभद्याचे दरवाजे उघडावे लागतात. वैशाखात मात्र पश्चिमेकडील सखल बाजूस पाणी पुष्कळ मागे हटते, आणि जेथे आश्विनात लाटा खेळत होत्या तेथे कोरडी जमीन दिसू लागते. मग तलावाचा खरा काठ कोणता समजावा? आश्विनातला की वैशाखातला? सरकारदरबारी याचे उत्तर एका आकड्यात दिलेले आहे: १६६६.८० फूट. पाणी या पातळीस पोचले म्हणजे तलाव पूर्ण भरला, आणि ते जेथवर पसरले तेथवर तलावाची हद्द, असे मानावयाचे. काठच्या जमिनीवर घर बांधता येईल की नाही, हे त्या आकड्यावरून ठरते.

पण हे १६६६.८० फूट मोजावयाचे कोठून? अर्थात् समुद्रसपाटीपासून. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर गावाच्या नावाखाली जी उंची लिहिलेली असते, तीही तेथूनच मोजलेली असते. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या शहराची उंचीसुद्धा समुद्रास विचारूनच ठरवावी लागते. आणि गंमत अशी, की समुद्र स्वतः कधी एका पातळीवर राहत नाही. कोकणपट्टीवर तो दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत चार-पाच मीटरांच्या घरात अंतर पडते. भांगाच्या दिवसांत ते पुष्कळच कमी असते. अशा चंचल पाण्याचा काठ कागदावर कसा रेखाटावयाचा, आकाशातून घेतलेली छायाचित्रे त्या कामी कितपत उपयोगी पडतात, आणि एकदा रेखाटलेली ती रेषा कोणाच्या दारावरून जाते, हाच या भाषणाचा विषय आहे.

विमान जन्मास येण्यापूर्वी किनाऱ्याचे मापन पायी आणि होडीतून होत असे. जमिनीवर मापक आपले फळकूट आणि दुर्बीण घेऊन एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीकडे नजर लावीत, आणि खाडीच्या मुखाशी खलाशी दोरीला बांधलेले शिसे पाण्यात सोडून खोली वावांत मोजीत. पाण्याची सरासरी पातळी ठरविण्यासाठी बंदरांत भरतीमापक यंत्रे बसविण्यात आली. मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. पुढे मुंबई, कारवार, कोचीन, मद्रास, विशाखापट्टण, कराची इत्यादी नऊ बंदरांतील नोंदींच्या आधारे १९०९ मध्ये साऱ्या देशाच्या उंचीचे शून्य निश्चित झाले. भोपाळच्या तलावाचा आकडा त्याच परंपरेतला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. जमिनीच्या नकाशाचे शून्य आणि समुद्राच्या नकाशाचे शून्य एक नसते. जमिनीचा नकाशा सरासरी समुद्रपातळीपासून उंची मोजतो. नाविकाला मात्र सरासरीचा उपयोग नाही. पाणी अगदी कमी असताना आपले जहाज खडकास टेकेल की काय, एवढीच त्याला चिंता. म्हणून सागरी नकाशात खोली मोजावयाची ती ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून. परिणामी एकाच बंदराचे दोन नकाशे शेजारी ठेवले, तर दोहोंतील काठ जुळतीलच असे नाही. दोन्ही नकाशे बरोबर असतात; फक्त त्यांना विचारलेले प्रश्न निराळे असतात.

आकाशातून भूमीचे छायाचित्र घेण्याचा मान नादार या फ्रेंच गृहस्थाकडे जातो. त्याने १८५८ मध्ये पॅरिसजवळ बलूनमधून असे चित्र घेतले. पहिल्या महायुद्धात विमान आणि कॅमेरा यांची जोडी जमली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९२४ मध्ये, त्या वेळी हिंदुस्थान सरकारच्या अमलाखाली असलेल्या ब्रह्मदेशात इरावती नदीच्या त्रिभुज प्रदेशातील जंगलांची विमानातून पाहणी झाली. चिखल, तिवरे आणि असंख्य फाटे फुटलेल्या पाण्यातून पायी मापन करणे जेथे जवळजवळ अशक्य होते, तेथे विमानाने ते काम पुष्कळ सोपे केले.

या मापनाची रीत समजण्यास कठीण नाही. विमान एका सरळ रेषेत, एकाच उंचीवरून उडत राहते, आणि कॅमेरा ठरावीक अंतराने खालची चित्रे घेत जातो. प्रत्येक चित्राचा सुमारे साठ टक्के भाग पुढील चित्रात पुन्हा येईल, अशी काळजी घेतात. त्यामुळे जमिनीवरील प्रत्येक ठिकाण निदान दोन निरनिराळ्या जागांवरून पाहिले जाते. मनुष्यास दोन डोळ्यांनी खोलीचे ज्ञान होते, तसेच ते येथे दोन चित्रांनी होते. ही दोन चित्रे विशिष्ट यंत्राखाली शेजारी ठेवून पाहिली, की टेकड्या वर उठतात आणि नाले खाली जातात. जमिनीवर काही खुणांची स्थाने व उंची आधी नेमकी मोजून ठेवलेली असतात. त्या खुणांशी चित्रे जुळवून घेतली म्हणजे नकाशा तयार होऊ लागतो. काठ शोधण्यास एक विशेष साधनही आहे. मानवी डोळ्यास न दिसणारा अवरक्त प्रकाश पाणी जवळजवळ सारा गिळून टाकते. त्यामुळे अशा प्रकाशात घेतलेल्या चित्रात पाणी काळेभोर दिसते आणि जमीन उजळ. ओली वाळू कोठे संपली आणि पाणी कोठे सुरू झाले, हे साध्या चित्रापेक्षा त्यात स्वच्छ कळते.

पण कोणत्या घटकेचे पाणी? अलिबागचा कुलाबा किल्ला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या प्रश्नाचा अर्थ सांगावयास नको. ओहोटीच्या वेळी पुळणीवरून चालत किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जाता येते. भरती आली की त्याच वाटेवर पाणी भरते आणि किल्ला बेट होतो. सकाळी ओहोटीस विमान गेले तर छायाचित्रात किल्ला जमिनीस जोडलेला दिसेल. दुपारी भरतीस गेले तर समुद्रात एकटा उभा दिसेल. कॅमेरा दोन्ही वेळा खरेच सांगतो. त्याने कोणत्या वेळी पाहिले हे मात्र तो आपण होऊन सांगत नाही. सपाट पुळणीवर तर ही अडचण अधिकच वाढते. जेथे शंभर मीटर चालल्यावर जमीन अवघी एक मीटर चढते, अशा ठिकाणी पाणी चार मीटर चढले की त्याचा काठ चारशे मीटर आत येतो. म्हणून किनाऱ्यावरील उड्डाणाची वेळ भरतीच्या पंचांगाशी जुळवावी लागते, आणि चित्रावर तारखेबरोबर घटकाही लिहावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात या अडचणीचाच मोठ्या चातुर्याने उपयोग करून घेण्यात आला. जून १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजांना फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरावयाचे होते. पुळण किती उताराची आहे आणि नावा कोठे टेकतील, हे ठाऊक असल्यावाचून ते साहस करता येणे शक्य नव्हते; आणि शत्रूच्या ताब्यातील किनाऱ्यावर दोरी-शिसे घेऊन कोण जाणार? तेव्हा भरतीच्या निरनिराळ्या वेळी विमानांतून चित्रे घेण्यात आली. प्रत्येक चित्रातील पाण्याचा काठ म्हणजे त्या घटकेच्या पातळीची एक रेषा. अशा रेषा एकावर एक मांडल्या की पुळणीचा उतार आपोआप उमटतो. शिवाय उथळ पाण्यात लाट मंदावते व दोन लाटांतील अंतर कमी होते, हा निसर्गाचा नियम आहे. चित्रांवरून लाटांची गती मोजून पाण्याखालच्या तळाची खोलीही अजमावण्यात आली. ज्या चंचलपणामुळे मापन बिघडते, तोच चंचलपणा वेळेची नोंद नीट ठेवली तर मापनाचे साधन बनतो.

स्वतंत्र भारतात या विद्येचे माहेरघर डेहराडून ठरले. १७६७ पासून चालत आलेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे मुख्य ठाणे तेथेच आहे. नौदलाचे सागरी नकाशे काढणारे कार्यालयही तेथेच आहे. आणि हवाई छायाचित्रे वाचण्याचे शास्त्र शिकविण्यासाठी डच सहकार्याने १९६६ मध्ये एक संस्था स्थापन झाली, तीही त्याच गावी. हिमालयाच्या पायथ्याशी बसून समुद्राचे नकाशे काढावयाचे, ही गोष्ट वरवर चमत्कारिक वाटते. पण चित्र एकदा हाती आले, की मापकास समुद्राशेजारी बसण्याची गरज राहत नाही. ही या विद्येची मोठी सोय आहे, आणि एक दोषही तिच्याच पोटी जन्मतो. त्याचा विचार पुढे येईल.

पुढे विमानाच्याही वर उपग्रह गेले. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह कक्षेत गेला. ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ ने एकाच जागेची दोन कोनांतून चित्रे घेण्यास प्रारंभ केला, आणि जमिनीवरील अडीच मीटरांची वस्तू त्यात ओळखू येऊ लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये गेलेला कार्टोसॅट-३ तर पाव मीटरापर्यंतचा तपशील टिपतो. २००४ च्या डिसेंबरमधील त्सुनामीने पूर्व किनाऱ्यावर हाहाकार केला, तेव्हा सखल पट्ट्याची उंची बारकाईने मोजण्यासाठी विमानातून लेसर किरण सोडण्याची पद्धतही वापरण्यात आली. किरण खाली जाऊन परत येण्यास किती वेळ लागला, यावरून उंची कळते.

साधने सूक्ष्म झाली, तशी किनाऱ्याची लांबीही बदलली. भारताच्या सागरतटाची लांबी ७,५१६ किलोमीटर, हे वाक्य कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केले. अलीकडे सरकारने नवी मोजणी प्रसिद्ध केली, तिच्यात हा आकडा ११,०९८ किलोमीटरांवर गेला. महाराष्ट्राचा किनारा पूर्वी सुमारे ६५३ किलोमीटर मोजला जात असे, तो सुमारे ८७८ झाला. समुद्राने कोठे नवी भूमी दिली असे मात्र नव्हे. पूर्वीच्या नकाशाचे प्रमाण फार लहान होते. त्यात लहान खाड्या, वळणे आणि बेटे सरळ रेषेत बुडून जात. नव्या मोजणीत १:२,५०,००० या प्रमाणाचे नकाशे घेतले, तेव्हा ती वळणे उघडी पडली. पट्टी जितकी बारीक तितका किनारा लांब, असा हा प्रकार आहे.

बंदरांच्या बाबतीत वरून घेतलेल्या चित्रांचे उपकार मोठे आहेत. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा कोणत्या बाजूस सरकत आहे, नदीचा गाळ भरतीबरोबर कोठवर पसरतो, बांध घातल्यावर शेजारची पुळण वाढली की झिजली, हे वर्षावर्षांची चित्रे शेजारी ठेवली की एका नजरेत दिसते. प्राचीन काळी भरभराटीस आलेले सोपारा बंदर गाळाने निरुपयोगी झाले. त्या काळी असा इशारा देणारे साधन असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु मर्यादाही आहेत. स्वच्छ पाण्यात विशिष्ट लेसर किरण तळापर्यंत पोचून परत येतो; मुंबईच्या बंदरासारख्या गढूळ पाण्यात तो मध्येच अडकतो. जहाजाला आत आणावयाचे तर ध्वनिलहरींनी तळ मोजणारी नौका अजूनही पाण्यावर फिरवावी लागते. चित्र पाण्याचा काठ दाखवील. काठाखालचा चिखल दाखवीलच असे नाही.

आता दुसऱ्या मर्यादेकडे वळू. ती माणसांच्या संसाराशी निगडित आहे. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली आणि भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरांपर्यंतच्या जमिनीवर निर्बंध घातले. २०११ व २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. या सर्वांचा पाया एकच आहे: उधाणाच्या भरतीस पाणी जमिनीवर जेथवर पोचते, ती रेषा. ही रेषा वाळूच्या टेकडीचा पायथा, झुडपांची कड, बांध अशा खुणांवरून चित्रात ओळखतात आणि मग प्रत्यक्ष जागेवर पडताळतात. २०१९ च्या नियमांनुसार दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामास बंदी असलेला पट्टा या रेषेपासून पन्नास मीटरांचा, आणि विरळ वस्तीच्या ठिकाणी दोनशे मीटरांचा.

पन्नास मीटर म्हणजे नकाशावर किती? १:२५,००० प्रमाणाच्या आराखड्यात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील पंचवीस मीटर. पेन्सिलीची रेघ मिलिमीटरभर जाड झाली, तर निम्मा पट्टा त्या रेघेखाली झाकला जातो. एखाद्या नाखव्याचे घर त्या रेघेच्या अलीकडे की पलीकडे, यावर त्याच्या मुलाला पडवी वाढविता येईल की नाही हे अवलंबून असते. म्हणूनच गावपातळीवर याहून मोठ्या प्रमाणाचे नकाशे हवेत. १:४,००० च्या नकाशात तीच मिलिमीटरची रेघ केवळ चार मीटर झाकते.

रेघेची जाडी कमी करता येते. चित्रात जे दिसतच नाही, त्याचे काय करावयाचे? मुंबईपासून वसई-डहाणूपर्यंत कोळीवाड्यांलगत बांबूंच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत घालतात. हंगाम संपला की दांड्या उतरतात आणि जागा रिकामी होते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या ओढून पुळणीवर घेतात आणि तेथेच त्यांची डागडुजी होते. पण पावसाळ्यात आकाश ढगांनी भरलेले असते. विमानातून चित्र घ्यावयाचे ते निरभ्र महिन्यांत. त्या महिन्यांत होड्या दर्यावर असतात. चित्रात दिसते ती मोकळी वाळू. डेहराडून किंवा चेन्नईस बसलेला चित्रवाचक, कितीही कुशल असला तरी, तिला मोकळी जागाच म्हणणार. ज्या जागेवर तांडेलाची होडी वर्षानुवर्षे पावसाळा काढते, ती त्याच्या लेखी कोणाचीच नसते. समुद्र आपले मोठे काम आषाढ-श्रावणात करतो. वाळू तो तेव्हाच नेतो आणि बांध तेव्हाच फोडतो. कॅमेरा मात्र मार्गशीर्षातला शांत किनारा पाहून येतो.

सरकारास हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाडे जुन्या अभिलेखांवरून नकाशात दाखवावेत असे स्पष्ट म्हटले आहे. पण अभिलेख आणि वहिवाट यांत अंतर असते. गोव्यात मार्च २०२१ मध्ये किनारा-आराखड्याची जनसुनावणी झाली, तेव्हा खाजण जमिनी, वाळूच्या टेकड्या आणि मच्छीमारांच्या वापरातील जागा नकाशात नीट आलेल्या नाहीत, असे आक्षेप ग्रामस्थांनी घेतले. त्याच वर्षी जुलैत सुनावणी पुन्हा घ्यावी लागली. नकाशा काढणाऱ्यांचे यंत्र बिघडले होते असे कोणी म्हटले नाही. ज्यांचा किनारा, त्यांना नकाशा वाचता येईल अशा रीतीने आणि वेळेवर दाखविला गेला नाही, ही मूळ तक्रार होती.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे नव्या महाबंदराची पायाभरणी झाली. त्यासाठी सुमारे १,४४८ हेक्टर क्षेत्र समुद्रात भराव घालून निर्माण करावयाचे आहे. बंदर व्हावे असे म्हणणारे आहेत, तसा त्यास तीव्र विरोध करणारे मच्छीमारही आहेत. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु भराव पडण्यापूर्वीचा किनारा, त्याच्या पुळणी, खडक, होड्यांच्या जागा आणि ओहोटीस उघडा पडणारा तळ यांची चित्रे तारीख-वेळेसह जपून ठेवली, तर दहा वर्षांनी शेजारच्या गावची पुळण झिजली की नाही, याचे उत्तर भांडणातून शोधावे लागणार नाही. असा पुरावा बंदर बांधणाऱ्यांस आणि कोळ्यांस सारखाच उपयोगी आहे.

सारांश, आकाशातून घेतलेले चित्र हा सच्चा साक्षीदार आहे. पण साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते. तू केव्हा पाहिलेस, त्या घटकेस पाणी किती चढले होते, तू कोणत्या महिन्यात आलास, हे त्याला विचारले पाहिजे. प्रत्येक किनारा-नकाशावर चित्राची तारीख, वेळ व भरतीची पातळी ठळक अक्षरांत छापणे फारसे खर्चाचे नाही. अंतिम शिक्का पडण्यापूर्वी तो नकाशा गावच्या चावडीवर, गावच्या भाषेत, गावकऱ्यांना बोट ठेवून घर दाखविता येईल एवढ्या मोठ्या प्रमाणात लावणेही अशक्य नाही. ज्याने चाळीस पावसाळे त्या पुळणीवर काढले, त्या वृद्ध नाखव्याला उपग्रहाचे गणित येत नसेल. पण कोणत्या वर्षी उधाण कोणाच्या ओट्यास लागले, हे त्याला सांगता येते. आणि कोणताही कॅमेरा तेव्हा तेथे नव्हता.

तुलसीनगरातील एखादा विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी तलावाच्या काठी गेला, तर हा सारा धडा त्याला तेथेच गिरविता येईल. ज्येष्ठात एक खूण करावी, आश्विनात दुसरी करावी, आणि दोहोंमधील जमीन पावलांनी मोजावी. मग त्या जमिनीवर कोण काय पिकवितो, तेथे कोणाची गुरे चरतात आणि कोणाची होडी उलटी घातलेली असते, हेही वहीत लिहावे. आकड्याने आखलेली रेषा आणि वहीतील या नोंदी एकत्र ठेवल्या, की त्याचा नकाशा पुरा होईल.